आजोबांचा रुपया आणि चिंचेचा गोळा

जुनं नाणं सापडलंय? अभिनंदन. आता सगळ्यात आधी ते घासून काढा.

शंभर-दीडशे वर्षांत चांदीवर एक काळपट, कुठे निळसर, कडेला तपकिरी झाक चढलेली असते. नाण्यांचे शौकीन तिला ‘टोनिंग’ म्हणतात आणि तिच्यासाठी खुशाल जास्तीचे पैसे मोजतात. मोजू देत. आपल्या घरात काळं म्हणजे मळकं. चिंचेचा गोळा घ्या, वर चिमूटभर मीठ, हाताशी असेल तर थोडी राख. राणीछाप रुपया असेल तर राणीचा गाल बरोब्बर अंगठ्याखाली येईल असा धरा आणि फिरवा. आधी मुकुटावरचे मणी एकमेकांत मिसळतात, मग झग्यावरची नक्षी जाते, शेवटी नाक. राणी ओळखू येईनाशी झाली की समजा, नाणं लख्ख झालं.

हे एकदा करून भागत नाही. दर लक्ष्मीपूजनाला करायचं. शिवाय मधल्या काळात ते देव्हाऱ्यात ठेवून रोज हळदकुंकू वाहायचं, म्हणजे अक्षरांच्या खाचा व्यवस्थित बुजतात. घरात लग्नकार्य निघालं तर सोनाराकडून कडी डाग देऊन बसवून घ्या. नाणं गळ्यात शोभतं. पुढं कधी कडी काढली तरी डागाची खूण राहतेच, आणि घेणारा ती पहिल्यांदा बघतो.

‘दर्जा’ नावाची एक भानगड तुमच्या कानावर येईल. विल्यम शेल्डन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थानं १९४९ मध्ये तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. ७० गुणांच्या नाण्याला १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किंमत, असा त्याचा मूळ हिशोब. तो हिशोब पुढं टिकला नाही, पट्टी मात्र जगभर चालते. लोक एकाच सालची, एकाच टांकसाळीची दोन नाणी शेजारी ठेवतात. एक खिशाखिशांतून झिजलेलं, दुसरं कुणी कधी वापरलेलंच नाही असं, ज्याला ते ‘यूएनसी’ म्हणतात. मग दुसऱ्याला कितीतरी पट भाव देतात. आपल्याकडे हा घोळ नाही. आपल्याकडे दोनच दर्जे: ‘चांगलं आहे’ आणि ‘आजोबांचं आहे’.

आता दुर्मिळतेकडे वळू. हे सोपं आहे: जितकं जुनं तितकं दुर्मिळ. तुमच्या रुपयावर १८६२ असेल तर बंगल्याचा नकाशा काढायला टाका. हेच १८६२ साल पुढं १८७४ पर्यंतच्या रुपयांवर छापत राहिले, त्यामुळे हा रुपया सराफाकडे ढिगानं मिळतो, असं कुणी म्हणालं तर तो जळतोय. मुंबईच्या टांकसाळीनं खरं वर्ष बारीक ठिपक्यांत दडवलं असेल, पण ठिपके मोजत बसायला आपल्याला वेळ कुठाय? शिवाय तेही तुम्ही घासलेत.

भोकाचा पैसा सापडला तर तो टांकसाळीतली चूक म्हणून विका. महायुद्धात तांब्याची चणचण होती म्हणून १९४३ पासून सरकारनं मुद्दामच भोक पाडून तो काढला आणि तो घरोघरी डब्यांत पडून आहे, ही माहिती गिऱ्हाइकाला देण्याची गरज नाही. ती माहिती त्यालाच जास्त असते.

वय बाजूला ठेवून दुसरंच काहीतरी बघणारे विक्षिप्तही आहेत. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या गळ्यातल्या साखळीत एक हत्ती होता. सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर दिसला. बोभाटा झाला, बहुतेक रुपये परत वितळवले, १९१२ ला नवा ठसा आला. आता त्या वितळण्यातून वाचलेल्या डुकराला मान आहे. १९३८ चा रुपया सहज मिळतो, १९३९ च्या मागे मात्र माणसं वणवण फिरतात. आठाचा नऊ करून बघावा असं तुमच्या मनात आलं असेल, तर ते तुमच्या आधी इतरांच्याही मनात येऊन गेलंय. जाणकार भिंग काढून पहिल्यांदा तोच आकडा बघतात.

शिवराई असेल तर थेट महाराजांच्या हातची म्हणा. महाराजांनंतर पेशवाईतही शिवराया पडत राहिल्या आणि दुदांडी, म्हणजे अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघांची, शिवराई आजही भरपूर मिळते, हे खरं. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून अर्धी अक्षरं नाण्याबाहेरच राहत. ‘श्री राजा शिव’ आणि भोवतीची ठिपक्यांची कड पूर्ण उतरलेली शिवराई वेगळ्या भावानं जाते. तुमच्यावर नुसतं ‘राजा’ आहे? भावना पूर्ण आहेत ना, झालं.

आणि भाव ठरवायला मोबाइल आहेच. वैष्णोदेवीच्या नाण्याला १० लाख मिळतात, असा निरोप तुम्हाला आला असेल. ती नाणी २०१२ च्या आसपासची, अजूनही सुट्ट्या पैशांत येतात. घेणारा आधी ‘फी’ आणि ‘टॅक्स’ मागेल. भरून टाका. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं, आमच्या नावानं असे पैसे मागणाऱ्यांना भुलू नका, असं पत्रक काढलं होतं, पण मामाच्या मित्राच्या मेव्हण्याला मिळाल्याचं आपण स्वतः ऐकलंय.

हे सगळं मी अनुभवातून सांगतोय. एका रविवारी आमचा राणीछाप रुपया रुमालात गुंडाळून पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो होतो. मनात आकडा ठरवलेला, त्यात दोन शून्यं वाटाघाटीसाठी जास्तीची. पथारीवरच्या म्हाताऱ्यानं नाणं कडेनं दोन बोटांत धरलं, उन्हात तिरकं केलं. मलाही तेव्हा दिसलं: सगळीकडं बारीक गोल गोल ओरखडे, ताटावर उमटतात तसे.

“घासलंय,” तो म्हणाला.

“दर दिवाळीला,” मी अभिमानानं सांगितलं.

त्यानं नाणं तळहातावर उडवून वजन घेतलं आणि चांदीचा भाव सांगितला. वर म्हणाला, “चिंच वापरता का लिंबू?”

घरी येऊन ही हकिगत आईला सांगितली. तिनं रुपया हातात घेतला, त्यावर त्या माणसाच्या बोटांचे डाग पडलेत म्हणाली आणि चिंच भिजत घातली.