भारतातले पेटंट ढाक्यात चालत नाही

"भारतात एकदा पेटंट घेतले की सार्क करारामुळे ते आठही देशांत आपोआप लागू होते, आधी माल बाजारात उतरवा, परदेशातला अर्ज मागणी आल्यावर सवडीने करा, खर्च फक्त १६०० रुपये, सोलापुरी चादरीलाही असेच संरक्षण मिळाले आहे," अशा आशयाचा संदेश सध्या यंत्रमागवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. तो माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला नसता तर मी त्याकडे दुर्लक्षच केले असते. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत त्याचे छोटे वर्कशॉप आहे. टॉवेलच्या मागावर पाइलच्या, म्हणजे टॉवेलवर उभे फासे काढणाऱ्या सुताच्या, बीमचा ताण सांभाळणारी एक जोडणी त्याने तयार केली आहे आणि या संदेशावर विसंबून तिचा चालत्या मागावरचा व्हिडिओ तो ढाक्याच्या एका व्यापाऱ्याला पाठवायला निघाला होता.

सार्क देशांचे सामाईक पेटंट अस्तित्वातच नाही. उलट पेटंटांविषयीच्या १८८३ च्या आंतरराष्ट्रीय पॅरिस कराराचे 'कलम ४ बिस' स्पष्ट सांगते की एकाच शोधासाठी निरनिराळ्या देशांत मिळालेली पेटंटे परस्परांपासून स्वतंत्र असतात. भारत या करारात ७ डिसेंबर १९९८ पासून आहे आणि नेपाळ व बांगलादेशही आहेत. नेपाळच्या १९६५ च्या कायद्यात पेटंट सात वर्षांचे असून त्याचे सात-सात वर्षांसाठी दोनदाच नूतनीकरण होते, तर भारतात मुदत अर्जापासून वीस वर्षांची आहे. बांगलादेशात तर अगदी अलीकडेपर्यंत १९११ चा इंग्रजी अमदानीतला कायदा चालू होता. एकच पेटंट सगळीकडे लागू होत असेल तर मुदत कोणत्या देशाची धरायची, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही. युरोपात १ जून २०२३ पासून अनेक देशांसाठी एकत्रित पेटंट मिळते, एवढे मात्र खरे. बहुधा तेच कोणीतरी ऐकले आणि सार्कला चिकटवून दिले.

खरे नुकसान 'आधी विका, मग अर्ज करा' या सल्ल्यात आहे. पेटंट नव्या गोष्टीलाच मिळते, आणि अर्जाआधी गोपनीयतेचा करार न करता ती गोष्ट बाहेर दाखवली की तिचे नवेपण दाखवणाऱ्यानेच संपवलेले असते. त्या व्हिडिओत लिव्हर कुठे टेकतो आणि स्प्रिंग कोणत्या बाजूला आहे हे स्वच्छ दिसते. एखादा मुरलेला जॉबर, म्हणजे माग जुळवणारा कारागीर, तेवढ्यावर दुसरी जोडणी उभी करील. प्रदर्शनात मांडलेल्या शोधाला भारतीय कायद्याचे कलम ३१ बारा महिन्यांची सवलत देते, पण केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरतीच, आणि तीही भारतातच. आधी भारतात अर्ज केला तर पॅरिस करारामुळे पुढचे बारा महिने इतर सदस्य देशांत भारतातलीच तारीख धरली जाते. संदेशातली 'सवडीने' ही कल्पना यातूनच निघाली असावी, पण ती सवड अर्ज केल्यानंतरची आहे, माल विकल्यानंतरची नाही. पेटंट सहकार्य करार, म्हणजे पीसीटी, या मार्गाने ती साधारण तीस महिन्यांपर्यंत वाढते. श्रीलंका आणि चीन त्यात आहेत, नेपाळ आणि बांगलादेश नाहीत, म्हणून ढाक्यासाठी वर्षाच्या आत थेट तिथेच अर्ज करावा लागतो. शिवाय भारतीय कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे भारतात राहणाऱ्याला पेटंट नियंत्रकाची परवानगी घेतल्याखेरीज, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे लोटल्याखेरीज, परदेशात अर्ज करता येत नाही. हे न पाळल्यास भारतातला अर्जही सोडून दिला असे मानले जाते.

१६०० रुपयांचा आकडा खोटा नाही, पण ते व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे नुसते दाखल शुल्क आहे. तपासणीचे ४००० रुपये वेगळे, मसुदा लिहून देणाऱ्या एजंटाची फी त्याहून वेगळी, आणि तात्पुरता अर्ज केला असेल तर बारा महिन्यांत संपूर्ण तपशील न दिल्यास तो बाद होतो.

चादरीचे उदाहरण तर पूर्णच चुकीच्या जागी आले आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना मिळाले आहे ते भौगोलिक मानांकन. ते त्या भागातल्या मालाच्या नावाला मिळते, मागाला किंवा मागावरच्या जोडणीला नाही. आणि उद्या ढाक्यात कोणी त्या नावाने चादर विकली, तरी भारतातले प्रमाणपत्र दाखवून तिथे दावा लावता येणार नाही; त्यासाठी तिथल्या कायद्याचाच आधार शोधावा लागेल.