आधी खात्री करा म्हणे!

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या शेवटच्या वळणावर एक मुलगा झोपलाय. पंधरा-सोळाचा असेल. सॅक उशाला आणि तिचा एक पट्टा मनगटाला गुंडाळलेला, कुणी ओढलीच तर जाग यावी म्हणून. खाली मजकूर, "हा आपल्या विंगमधला नाही. सर्वांनी सावध राहावे." पुढे जे व्हायचं तेच झालं. अंगठे. "वॉचमन काय करतो?" "सीसीटीव्हीचे पैसे कशाला भरतो आपण?" आणि मग एका शहाण्या गृहस्थांचा लांबलचक मेसेज : घरून पळालेला असेल, नशा करणारा असेल, नाटक असेल, भावनेच्या भरात कुणी काही करू नये, आधी खात्री करावी.

हातातलं टाकून मी वर गेले तोवर वॉचमनने त्याला हाकललं होतं. आता करा खात्री.

आणि तो फोटो! चेहरा स्पष्ट, मागे मजल्याचा आकडासुद्धा दिसतोय. दुपारपर्यंत तो आणखी तीन ग्रुपांतून माझ्याकडे परत आला. हा मुलगा कुणाच्या माराला भिऊन घराबाहेर पडला असेल तर ज्याच्यापासून तो लपतोय त्याच्या मोबाइलवर आपण पत्ता पोचता केला. चौकशीत असलेल्या मुलाची ओळख जाहीर करायला बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी घातलेली आहे. हा चौकशीपर्यंत पोचलाच नाही, म्हणजे कायद्याच्या भाषेत आमच्या सभासदांनी काही गुन्हा केला नसेलही. अभिनंदन!

माझी चिडचिड का होतेय हे माझ्याबरोबर शाळेत काम केलेल्यांना लगेच कळेल. आमच्या शाळेत दहावीला एक मुलगी होती. नाव सांगणार नाही, ओळखलंत तर तुम्हीही लिहू नका. हुशार वगैरे नव्हती, मधल्या बाकावरची, हजेरीत "हजर" म्हणायची तेवढाच आवाज. ती रोज सगळ्या विषयांची सगळी पुस्तकं घेऊन यायची. वेळापत्रकाप्रमाणे दप्तर भरत नाही म्हणून मी तिला एकदोनदा टोकलंही. एकदा तपासायला वही मागितली, तिने चेन उघडली, तर पुस्तकांच्या मागे प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला टॉवेल, ब्रश आणि चार्जर. गणवेशाची कॉलर ओली. पावसाळा नव्हता. रात्री धुतलेला गणवेश सकाळपर्यंत वाळला नव्हता, कारण दुसऱ्याच्या घरी पंख्याखाली आपले कपडे वाळत घालायला संकोच वाटतो.

पुस्तकं ठेवायला जागाच नव्हती तिला. एवढं साधं.

स्टाफरूममध्ये काय चर्चा झाली असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. "प्रकरण असेल काहीतरी." "हल्लीच्या मुली ना!" आणि सर्वांत वजनदार सूचना अशी की वडिलांना बोलावून घ्या, त्यांना विचारा मुलगी घरी असते का. खात्री करा! कागदोपत्री तिला घर होतं, रेशनकार्डावर नाव होतं, आई होती, आईचा नवा नवरा होता. त्याला बोलावलं असतं तर तो इस्त्रीचा शर्ट घालून आला असता, हात जोडून "असते की घरी, मॅडम" म्हणाला असता आणि आमची खात्री झाली असती.

आपण घर असलेले लोक "बेघर" म्हटलं की फूटपाथ डोळ्यांसमोर आणतो. या वयातली पोरं फूटपाथवर दिसतात ती अगदी शेवटी. त्याआधी मित्राकडे "अभ्यासाला", मग दुसऱ्या मित्राकडे, मग चुलतभावाच्या खोलीवर, मग एखादा जिना. आणि दिसू न देण्यात ती तरबेज असतात. लहान मूल रडून मोकळं होतं. सोळा वर्षांचं पोर केस विंचरून, फोनमध्ये डोकं घालून बसतं, कारण आपण अवघडल्यासारखे दिसलो की कुणीतरी येऊन विचारणार हे त्याला ठाऊक असतं. हा मुलगा अजागळ दिसत नाही, म्हणजे गरजू नाही, असंही आज ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय. बूट ब्रँडेड आहेत म्हणे.

२०१५ च्या बालन्याय कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल कोण याची यादी आहे. घर किंवा राहण्याचं ठरलेलं ठिकाण नाही आणि पोट भरण्याचं दिसण्यासारखं साधन नाही, तो तर त्यात आहेच. पण ज्याच्याबरोबर राहतो तोच छळतोय, मारतोय, असा मुलगाही त्याच यादीत आहे. घर आहे की नाही, पळाला की हाकलला, खरं बोलतोय की खोटं, हे शोधायला बालकल्याण समिती आहे. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक बाई. समितीने सांगितलं की सामाजिक कार्यकर्ता किंवा बालकल्याण अधिकारी चौकशी करतो, घरी जाऊन येतो, आणि त्यासाठी कायद्याने त्याला पंधरा दिवस दिलेत. ज्या गोष्टीला प्रशिक्षित माणसाला पंधरा दिवस लागतात तिची खात्री तुम्ही जिन्यात उभं राहून पाच मिनिटांत करणार?

तुमच्या-माझ्याकडून फक्त एक फोन हवाय. १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास.

आणि फोनच्या आधी त्या पोराशी बोलणं. हे मात्र कुणी करत नाही. वॉचमनशी बोलतात, सेक्रेटरीशी बोलतात, ग्रुपवर तर काय अखंड बोलतात. त्या मुलीशी मी बोलले ते वर्गात, सगळे गेल्यावर, शेजारी बसून. समोरासमोर नाही. वह्या तपासत होते, तिला गठ्ठा लावायला दिला होता. हात कामात असले की मुलं बोलतात, शिक्षकांना हे माहीत असतं. "घरी काय प्रॉब्लेम आहे" असं विचारलंच नाही, त्याला "काही नाही" हे एकच उत्तर येतं. म्हटलं, "आज रात्री झोपायला कुठे जाणारेस?"

"मैत्रिणीकडे. अभ्यासाला."

"आणि उद्या?"

बराच वेळ गठ्ठा नीट करत राहिली. मग म्हणाली, "तिच्या बाबांना आता आवडत नाही."

त्यानंतरचं इथे लिहिण्यासारखं नाही. पण सांगायच्या आधी तिने विचारलं, "कुणाला सांगणार नाही ना?" तुम्हालाही हे विचारलं जाईल. "नाही गं, शप्पथ" असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. म्हणू नका. पुढच्या वाक्यात ती काय सांगेल हे तुम्हाला माहीत नसतं, आणि लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं कुणालाही बंधनकारक आहे, शिक्षक असो वा शेजारी. मी म्हटलं, "सांगणार. पण कुणाला आणि काय सांगणार ते आधी तुला सांगेन." तिचा चेहरा उतरला. तरी ती उठून गेली नाही.

१०९८ ला फोन तिच्यासमोर केला, स्पीकरवर. आपल्याविषयी काय बोललं जातंय हे ऐकायचा तिला हक्क होता.

आता तुमचे "पण" येऊ द्या. "बालगृहात टाकतील, तिथली परिस्थिती काय असते वाचतो ना आम्ही पेपरात." वाचते मीही. काही ठिकाणं खरंच वाईट आहेत, मान्य. तरीही हे ऐकून घ्या : संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे त्या कायद्याच्या मूलतत्त्वांतच लिहिलंय. आधी घर, घर धड नसेल तर नातेवाईक. आणि गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना ठेवतात ते निरीक्षणगृह वेगळं, हे बालगृह वेगळं. दोन्हींना मिळून "रिमांड होम" म्हणायची आपली सवय काही जात नाही, आणि मुलंही त्याच शब्दाने घाबरतात. आमची मुलगी संस्थेत राहिली ती थोडेच दिवस. समितीने तिला विचारलं, तुला कुणाकडे बरं वाटेल? तिने आत्याचं नाव घेतलं. आत्या दुसऱ्या जिल्ह्यातली. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती, कारण आम्ही कुणी विचारलंच नसतं. स्टाफरूमची धाव आईच्या नवऱ्यापर्यंत.

"फोन उचलत नाहीत, वेळेवर येत नाहीत." होतं असं. ही हेल्पलाइन पूर्वी संस्था चालवायच्या, २०२३ पासून सरकारी यंत्रणा चालवते, आणि ती सगळीकडे सारखी धावते असं मी म्हणणार नाही. मग पुन्हा लावा. ११२ लावा, आणीबाणीचा नंबर. डिलिव्हरीवाला दहा मिनिटं उशिरा आला तर किती वेळा फोन करता?

"मी त्यापेक्षा सरळ घरी घेऊन जाईन." हे म्हणणारे मला सर्वांत आवडतात आणि त्यांचीच सर्वांत भीती वाटते. मलाही न्यायचं होतं तिला घरी. खोली रिकामी होती, लेक बाहेरगावी शिकायला. आणि तिने नंतर तोंडावर विचारलंच, "तुम्ही मला तुमच्याकडे का नाही ठेवलंत?" दुखलं मला ते. पण असं मूल ज्याने आपल्याकडे घेतलं त्याने, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांत यंत्रणेला कळवलंच पाहिजे, न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. हा जाच वाटतो ना? नाही आहे. एकट्या पोराला "चल माझ्याकडे" म्हणणारा प्रत्येक माणूस तुमच्यासारखा नसतो, आणि कुणाचं "चल" चांगलं हे त्या पोराने अंधारात कसं ओळखायचं? सगळ्यांवर सारखा नियम असला की वाईट माणसाची पंचाईत होते. चांगल्याची थोडी गैरसोय. होऊ दे.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. आमचा वॉचमन आठवतोय आता. त्याला झापायला म्हणूनच गेले होते मी. तर तो म्हणाला, "ताई, तो बरेच दिवस येतोय. मीटररूममध्ये फोन चार्ज करायचा, मी बघून न बघितल्यासारखं करायचो. कमिटीने सांगितल्यावर मी काय करू?" अख्ख्या सोसायटीत त्या मुलाला ओळखणारा हा एकटा, आणि हाकलायचं कामही त्याच्याच गळ्यात. तो कुठल्या बाजूला गेला, अंगात शर्ट कुठला होता, कितीच्या सुमाराला येतो, सगळं त्यालाच माहीत. तेवढं घेऊन मी १०९८ ला फोन केला. नोंद करून घेतली त्यांनी. वॉचमनला माझा नंबर दिलाय. परत आला तर हाकलू नको, पाणी दे, बसव आणि मला उठव, कितीही वाजले असू देत. कमिटीला काय सांगायचं ते मी बघते.

आणि हो, ती मुलगी. दहावी झाली. निकालानंतर तिचा फोन आला, मला नाही, शाळेच्या ऑफिसला. गुणपत्रिका घ्यायला आत्या येईल, एवढंच म्हणाली. माझ्यावरचा राग अजून गेला नसावा. नसू दे. वह्यांचा तो गठ्ठा पुन्हा समोर आला तर मी पुन्हा तोच फोन करीन, स्पीकरवर.

हे टाइप करत असतानाच ग्रुपवरच्या एका ताईंचा वेगळा मेसेज आलाय. त्या बिचाऱ्या मनापासून विचारतायत, तो एकोणीस वर्षांचा असला तर? प्रश्न बरोबर आहे. कायद्यातलं मूल अठराव्या वर्षी संपतं. पण मिसरूड बघून सतरा की एकोणीस हे ठरवायला आपण जाऊ नये. वयाबद्दल शंका असली तर समितीच शाळेचा किंवा जन्माचा दाखला मागवते, काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. म्हणून फोन करायचाच. खरोखर एकोणीसचा निघाला तर मात्र पंचाईत आहे. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना अठरानंतर थोडा आधार द्यायची तरतूद आहे, पण जो कधी संस्थेत नव्हताच त्याला ती लागू नाही. उरतो शहरातला रात्रनिवारा, आणि तिथे बापाच्या वयाच्या माणसांत या पोराने अंग टाकायचं. अठरा ते एकवीसच्या मुलांना राहायला जागा आणि हाताला काम देणारी, तुम्ही स्वतः जाऊन पाहिलेली एखादी संस्था असेल तर मला मेसेज करा. कमेंटमध्ये नको, आणि त्या मुलाचा फोटो तर कुणीच पाठवू नका.