पापडखाराने हळद लाल होणं ही भेसळीची खूण नव्हे

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक ‘घरगुती चाचणी’ फिरतेय: हळदीच्या पाण्यात चिमूटभर पापडखार टाका, लाल झालं तर हळदीत रंग मिसळलाय. हे साफ चूक आहे. उलट, अस्सल हळद लाल व्हायलाच हवी. तिच्यातलं कर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य अल्कलीत, म्हणजे पापडखार-साबणासारख्या आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, साधारण ७.५ ते ८.५ पीएचच्या (आम्ल-अल्कली मोजायच्या मापाच्या) दरम्यान, पिवळ्याचं लालसर तपकिरी होतं. सदऱ्यावरच्या वरणाच्या डागाला साबण लावला की तो लाल पडतो, तो यामुळेच. हळदीत चुना घालून कुंकू करायची रीतही आपल्याकडे जुनीच. तेव्हा किराणा दुकानदाराशी उगाच भांडू नका.

मुलांना मात्र हा प्रयोग जरूर दाखवा. काचेच्या पेल्यात हळदीचं पाणी, त्यात पापडखार. लाल झालं की थेंब थेंब लिंबू पिळा. फेस येतो आणि रंग पुन्हा पिवळा होतो. पापडखाराऐवजी चुना नको, डोळ्यात उडाला तर इजा होते.

मेटॅनिल यलो या भेसळीच्या रंगाची खूण वेगळीच आहे: तो तीव्र आम्लात गुलाबी-जांभळट होतो. ती चाचणी हायड्रोक्लोरिक ॲसिडची, प्रयोगशाळेतली. संडास धुवायचं ॲसिड घेऊन ती घरी करू नये.