व्हिटनी ‘नुसती गायची’?

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही लांबतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकन पॉप गायिका व्हिटनी ह्यूस्टनने गाणी लिहिली नाहीत, रेकॉर्ड कंपनीचा प्रमुख क्लाइव्ह डेव्हिसने तिला घडवलं, तिचं गाजलेलं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ मुळात कंट्री गायिका डॉली पार्टनचं, मग व्यसनापायी वाया गेलेल्या बाईचं एवढं कौतुक कशाला?

गाणं डॉलीचंच, त्यात वाद नाही. गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमातून बाहेर पडताना तिने ते निरोपादाखल लिहिलं आणि १९७४ साली ते अमेरिकेतल्या कंट्री (तिथलं ग्रामीण वळणाचं संगीत) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं. एल्व्हिस प्रेस्लीलाही ते गायला हवं होतं, पण त्याच्या मॅनेजरने निम्मे हक्क मागितले आणि डॉली बधली नाही. म्हणून तर व्हिटनीच्या रेकॉर्डची रॉयल्टी तिला मिळाली. तिची स्वतःची तक्रार नाही, आपण कशाला भांडायचं?

आता दोन्ही लागोपाठ ऐका. शेवटचं कडवं डॉली गात नाही, चक्क बोलते. घरातल्या माणसाशी बोलावं तसं. व्हिटनी सुरुवातीला जवळजवळ पाऊण मिनिट वाद्यांशिवाय गाते. (हा हट्ट केव्हिन कॉस्टनरचा; ज्या ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी ती हे गायली, त्याचा तो नायक. आता म्हणाल, मग श्रेय त्याचं!) पुढे वाद्यं थांबतात, ड्रमचा एकच ठोका पडतो आणि पट्टी चढते. त्या ठोक्यानंतरचा ‘आय’ कुठल्याही निर्मात्याला कागदावर लिहून देता येत नाही. १९९२ साली हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं आणि सलग १४ आठवडे तिथून हललं नाही.

‘घडवलं’ म्हणाल तर डेव्हिसच्या आधी तिच्या गावचं, न्यूअर्कचं चर्च येतं, आणि आई सिसी. ही बाई विख्यात सोल गायिका अरीथा फ्रँकलिनच्या मागे कोरसमध्ये गायलेली; मुलीचा गळा तिच्या तालमीत तयार झाला. डेव्हिसने गाणी निवडली, बाजार ओळखला, एवढं त्याला द्यायलाच हवं. त्याची किंमतही तिनेच मोजली: १९८९ च्या सोल ट्रेन या कृष्णवर्णीय संगीताच्या पुरस्कारांत प्रेक्षकांतून तिची हुर्यो झाली, कृष्णवर्णीय गायिका असून ‘गोऱ्यांसारखं’ गाते म्हणून.

राहिलं व्यसन. २०१० च्या दौऱ्यात वरचे सूर लागेनात, ब्रिस्बेनला लोक मधूनच उठून गेले, आणि २०१२ साली अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती गेली, त्यातही कोकेनचा वाटा होता. यातलं काहीच मी झाकत नाही. पण २०१० चा गळा दाखवून १९९२ चं गाणं खोटं ठरवायला निघालात, तर तिथे मी तुमच्याबरोबर नाही.