मोंटानाची रेडॉन खाण आणि सांधेदुखीचा ‘नैसर्गिक इलाज’

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, हेलेना आणि ब्यूट या शहरांच्या मधल्या डोंगरात बोल्डर आणि बेसिन अशी दोन लहान गावं आहेत. तिथल्या ‘आरोग्य खाणीं’बद्दलचा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या खाणीत रोज दोन-तीन तास बसून रेडॉन, म्हणजे युरेनियमपासून जमिनीत तयार होणारा किरणोत्सर्गी वायू, श्वासात घेतला की दहा दिवसांत संधिवात पळतो. किरणोत्सर्ग जास्त झाला तर विष, थोडा असेल तर औषध. सत्तर वर्षांत तिथे कुणाला काही झालेलं नाही. कुत्र्यांनासुद्धा गुण येतो, म्हणजे हा मनाचा खेळ नाही. युरोपातले डॉक्टर हाच उपचार लिहून देतात, पण औषध कंपन्या ही गोष्ट दाबून ठेवतात.

गुडघे धरलेली आई किंवा बोटं वाकडी झालेली मावशी घरात असली की असा मजकूर कुणीही आशेनं वाचतो. म्हणूनच त्यातला एकेक दावा नीट तपासायला हवा.

आधी गावाविषयी. १८६०च्या दशकात सोन्याच्या शोधात माणसं या भागात आली, मागून चांदी सापडली. जवळचं एल्कहॉर्न चांदीवर वाढलं. १८९३ मध्ये चांदीचे भाव कोसळले आणि ते ओस पडत गेलं. आज लोक ते ‘भुताचं गाव’ म्हणून बघायला येतात. बोल्डर टिकलं, पण पोट भरायचं कशावर हा प्रश्न त्याच्यापुढे कायम राहिला. १९४९ मध्ये फ्री एंटरप्राइज नावाच्या खाणीत युरेनियम सापडलं. १९५१ मध्ये लॉस एंजेलिसहून आलेली एक बाई नवऱ्याबरोबर त्या खाणीत काही वेळा उतरली आणि आपलं सांध्याचं दुखणं गेलं असं तिनं सांगितलं. तिनं मैत्रिणीला सांगितलं, बातमी पसरली, रांगा लागल्या. १९५२ पासून तीच खाण धातूऐवजी हवा विकू लागली. शेजारच्या बेसिनमध्ये ‘मेरी विडो’सारख्या खाणी त्याच वाटेनं गेल्या.

त्या रांगेतल्या माणसांना मूर्ख म्हणणं मला मान्य नाही. तेव्हा संधिवातावर होतं काय? ॲस्पिरिन आणि सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं. कॉर्टिझोनच्या शोधाला १९५० चं नोबेल मिळालं होतं, पण ते औषध दुर्मिळ आणि महाग होतं. कण्हत रात्र काढणाऱ्याला कुणी सांगितलं की मोंटानात एक खाण आहे, तर तो जाणारच.

आता दावे.

‘तिथे रेडॉन अगदी थोडा असतो.’ फ्री एंटरप्राइजमधली पातळी साधारण लिटरमागे १,७०० पिकोक्युरी सांगितली जाते. म्हणजे त्या एक लिटर हवेत दर सेकंदाला रेडॉनचे साठेक अणू फुटत असतात. घरात ४ पिकोक्युरीच्या वर रेडॉन आढळला तर तो कमी करा, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. तिथल्या घरांतली सरासरी १.३ आहे. खाणीतली हवा त्या मर्यादेच्या चारशे पटींहून जास्त आहे. याला थोडा म्हणायचं तर जास्त कशाला म्हणायचं?

१९८४ च्या डिसेंबरात पेनसिल्वेनियात घडलेली गोष्ट इथे सांगायलाच हवी. लिमरिक अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. तिथला अभियंता स्टॅन्ली वॉट्रस याच्यामुळे किरणोत्सर्ग तपासणारं यंत्र वाजू लागलं, तेही केंद्रातून बाहेर पडताना नव्हे तर आत शिरताना. शोध घेतल्यावर कळलं की दोष त्याच्या घरात आहे. खालच्या जमिनीतून रेडॉन घरात साठत होता, लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी. त्या कुटुंबाला घर सोडायला सांगितलं गेलं. अमेरिकेत घरोघरी रेडॉन तपासायची चळवळ खरी सुरू झाली ती या घटनेनंतर. ज्या जातीच्या पातळीमुळे पेनसिल्वेनियात एक घर रिकामं करावं लागलं, तिच्याच आसपासच्या हवेत बसायला मोंटानात पैसे मोजले जातात. आणि मोंटाना राज्याचं पर्यावरण खातं स्वतःच्या रहिवाशांना घरातला रेडॉन मोजा, वाढलेला असेल तर बाहेर काढा असं सांगतं.

‘रेडॉन सांध्यांपर्यंत जाऊन पेशींना जागं करतो.’ इथे शरीरात नेमकं काय घडतं ते बघा. रेडॉन हा रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय वायू आहे. श्वासाबरोबर आत जातो आणि बहुतेक तसाच बाहेर पडतो. थोडासा रक्तात विरघळतो, तोही काही तासांत निघून जातो. खरं काम करतात ते त्याचे वंशज, म्हणजे रेडॉनचा अणू फुटल्यावर तयार होणारे पोलोनियम-२१८ आणि पोलोनियम-२१४. हे घन कण आहेत. ते श्वासनलिकांच्या आतल्या ओल्या अस्तरावर चिकटतात आणि तिथेच अल्फा किरण सोडतात. हे किरण शरीरात मिलिमीटरचा दहावा भागही पार करू शकत नाहीत, पण तेवढ्याच अंतरात नेमक्या त्या पेशी असतात ज्यांच्यापासून फुफ्फुसाचा कर्करोग सुरू होतो. मारा छातीत होतो, आणि दुखणं आहे गुडघ्यात. गुडघ्याला मिळणारा वाटा श्वासनलिकेच्या मानाने नगण्य.

कुणी म्हणेल, किरण थेट सांध्यावर सोडले तर? तेही करून झालं आहे. नेदरलँड्समध्ये हाताच्या आणि गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातावर कमी मात्रेच्या क्ष-किरणांच्या दोन चाचण्या झाल्या, हाताच्या चाचणीत ५६ आणि गुडघ्याच्या चाचणीत ५५ रुग्ण. निम्म्यांना खरे किरण, निम्म्यांवर यंत्र फक्त लावल्यासारखं केलं. कोण कुठल्या गटात हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. चाचण्या लहान होत्या हे खरं, पण किरण सांध्यावर नेमके धरूनही जे दिसलं नाही, ते छातीत घेतलेल्या वायूनं होईल असं मानायला आधार काय?

‘सत्तर वर्षांत कुणाला काही झालेलं नाही.’ हे कुणी मोजलं? खाणीत येणारा माणूस दूरच्या राज्यातून येतो, दहा दिवस राहतो आणि परत जातो. रेडॉनमुळे होणारा कर्करोग बऱ्याचदा वीसेक वर्षांनी दिसतो. तेव्हा त्याच्या गावातला डॉक्टर सिगारेटबद्दल विचारेल. मोंटानातल्या सुट्टीबद्दल कोण विचारणार?

मोजणी झाली आहे ती खाणकामगारांची. जर्मनीतल्या श्नेबर्ग आणि चेक प्रदेशातल्या याखिमोव्हचे खाणकामगार फुफ्फुसाच्या रोगानं मरतात हे फार पूर्वीपासून माहीत होतं. बोल्डरची खाण पाहुण्यांसाठी उघडली त्याच १९५० च्या दशकात, दक्षिणेकडे कोलोरॅडो पठारावर नवाहो जमातीचे पुरुष युरेनियमच्या खाणींत हाच वायू श्वासात घेत होते. त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग इतका वाढला की १९९० मध्ये अमेरिकी संसदेला भरपाईचा कायदा करावा लागला. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं रेडॉनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेत वर्षाला सुमारे २१,००० मृत्यू रेडॉनमुळे होतात असा तिथल्या पर्यावरण संस्थेचा अंदाज आहे. फुफ्फुसाच्या कर्करोगाचं सिगारेटनंतरचं हे दुसरं कारण.

मात्र घाबरवण्यासाठी आकडे फुगवणंही चूकच, म्हणून हिशोब सरळ मांडतो. दहा-अकरा दिवसांच्या मुक्कामात साधारण ३२ तास खाणीत जातात असं धरू. ३२ गुणिले १,७०० म्हणजे ५४,४००. माणूस वर्षातले ७,००० तास घरात असेल आणि घरात मर्यादेइतका, ४ पिकोक्युरी रेडॉन असेल, तर वर्षाचे होतात २८,०००. सरासरी घरात ९,१००. म्हणजे दहा दिवसांत जवळजवळ सहा वर्षांचा घरगुती रेडॉन. हिशोब ढोबळ आहे, कारण वायूबरोबर पोलोनियम किती असतं ते जागेनुसार बदलतं. सत्तरीतली बाई आयुष्यात एकदा जाऊन आली तर तिचा धोका फार वाढत नाही. दरवर्षी जाणारे, सिगारेट ओढणारे आणि तिथे रोज काम करणारे यांचं तसं नाही. सिगारेट आणि रेडॉन एकत्र आले की धोका कितीतरी पट होतो.

‘थोडा किरणोत्सर्ग हितकारकच असतो. केरळ बघा.’ केरळमधल्या करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत किरणोत्सर्गी थोरियम आहे. तिथल्या सुमारे ७०,००० लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला आणि कर्करोग वाढलेला दिसला नाही. अभ्यास चांगला आहे. पण तो वाळूतून येऊन शरीराबाहेरून लागणाऱ्या गॅमा किरणांचा आहे, फुफ्फुसात चिकटणाऱ्या पोलोनियमचा नाही. शिवाय रोग वाढला नाही, याचा अर्थ रोग बरा झाला असा होत नाही. घरातल्या रेडॉनबद्दल थेट पुरावा हवा असेल तर २००५ मध्ये युरोपातल्या १३ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं. त्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ७,१४८ रुग्ण होते. दर घनमीटरला १०० बेकेरेल (किरणोत्सर्गाचं दुसरं एक माप) वाढले की धोका १६ टक्क्यांनी वाढत होता. याच्या खाली भीती नाही अशी पायरी कुठे सापडली नाही. लिटरमागे ४ पिकोक्युरी म्हणजे घनमीटरला सुमारे १५० बेकेरेल.

‘कुत्र्यांनाही गुण येतो.’ हा दावा लोकांना सगळ्यात जास्त पटतो, कारण कुत्र्याला काय कळणार खाण कसली आहे ते. पण कुत्रा बरा झाला हे सांगतो कोण? मालक. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संधिवातानं लंगडणाऱ्या कुत्र्यांना औषधाच्या नावाखाली निष्प्रभ गोळी दिली गेली. कुत्रा पायावर किती भार टाकतो हे जमिनीतल्या पट्टीनं मोजलं आणि मालकांनाही विचारलं. पट्टीवर सुधारणा दिसत नसतानाही निम्म्याहून जास्त वेळा मालकांना ती दिसत होती. पशुवैद्यांनाही चाळीस-पंचेचाळीस टक्के वेळा. लळा असला की डोळे चांगलंच शोधतात. त्यात खोटेपणा काही नाही.

माणसांचंही हेच. सांधेदुखी कधी उसळते, कधी ओसरते. माणूस खाणीकडे निघतो तो दुखणं टोकाला गेल्यावर, आणि टोकाचं दुखणं बहुधा आपोआपही थोडं उतरतं. त्यात दहा दिवस घरकाम नाही, पहाडातली हवा, खाणीत बाकांवर पत्त्यांचा डाव, समोर आपल्यासारखेच दुखणेकरी आणि त्यांच्या बरं झाल्याच्या गोष्टी. यानं वेदना खरोखर कमी होतात. आलेला गुण मी नाकारत नाही. त्याचं श्रेय वायूला देणं मात्र नाकारतो.

‘युरोपात डॉक्टर लिहून देतात.’ यात तथ्य आहे. ऑस्ट्रियातल्या बाड गास्टाइनमध्ये अशी गुहा आहे, आणि जर्मनीत रेडॉनच्या पाण्याची स्नानं आहेत. संधिवाताच्या रुग्णांवर नियंत्रित चाचण्याही झाल्या. २००५ मधल्या पाच चाचण्यांच्या एकत्र विश्लेषणात उपचार संपताना दोन्ही गट सारखेच होते, पण तीन आणि सहा महिन्यांनी रेडॉनच्या गटात वेदना कमी होत्या. हा विरोधी बाजूचा सगळ्यात दमदार पुरावा, तो लपवायचं कारण नाही. पण सगळे मिळून रुग्ण ३३८. मोजलेली गोष्ट वेदना, सांध्याचं वाचणं नव्हे. मोंटानाच्या खाणीतल्या थंड हवेत बसण्याबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही. गास्टाइनच्या गुहेत तापमान ३७ ते ४१ अंश असतं आणि आत जाण्याआधी डॉक्टर तपासतात. फिरणाऱ्या मजकुरात यातलं काहीच नसतं.

‘शंभर वर्षांची परंपरा आहे.’ आहे, आणि तिचा एक अध्याय रेडिथॉरचा. १९२० च्या दशकात न्यू जर्सीत रेडियम घातलेलं पाणी बाटल्यांत भरून शक्तिवर्धक म्हणून विकलं जाई. एबेन बायर्स या श्रीमंत उद्योगपतीनं त्याच्या हजारावर बाटल्या रिचवल्या. त्याचा जबडा सडला, आणि १९३२ मध्ये तो गेला. रेडियम हाडांत कायमचं बसतं, रेडॉन बसत नाही, त्यामुळे दोन्हींचा धोका एकसारखा नाही. पण जुनेपणा म्हणजे सुरक्षितता हा युक्तिवाद बायर्सपाशीच संपतो.

‘खाणींवर टीका म्हणजे गरीब गावाच्या पोटावर पाय.’ हे मला लागतं. बोल्डरची वस्ती हजार-बाराशेची. मतिमंदांसाठीची सरकारी संस्था हा तिथला मोठा आधार होता. ती बंद करायचा निर्णय २०१५ मध्ये विधिमंडळानं घेतला. अशा गावात पाहुणे आले तर खोल्या भरतात, खानावळ चालते. पण गावाकडे विकण्यासारखं रेडॉनखेरीजही आहे. बोल्डरजवळ गरम पाण्याचे झरे आणि त्यावरचं जुनं हॉटेल आहे, एल्कहॉर्नची लाकडी सभागृहं आहेत. विश्रांती, गरम पाणी आणि गप्पा यांसाठी माणसं आली तर त्यात कुणाचं फुफ्फुस पणाला लागत नाही.

राहिला शेवटचा दावा, ‘करून बघायला काय जातं?’ संधिवाताचा प्रकार कुठला यावर उत्तर अवलंबून आहे. झिजेचा असेल तर पैसे जातात आणि थोडा धोका पदरात पडतो. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड असेल तर वेळ जातो, आणि तिथे वेळ म्हणजे सांधे. सूज चालू राहिली की आतलं हाड कुरतडलं जातं, ते परत भरत नाही. मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत १९८८ मध्ये या रोगासाठी मान्यता मिळाली. स्वस्त गोळी आहे, आठवड्यातून एकदा घ्यायची, अधूनमधून रक्त तपासायचं. पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर कित्येकांची बोटं वाकडी होणं टळतं. तेव्हा दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना सूज असेल, सकाळी अर्धा-पाऊण तास मुठी वळत नसतील आणि हे सहा आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर आधी संधिवाततज्ज्ञाची वेळ घ्या. खाणीतून आल्यावर घेऊ असं म्हणू नका.