डॅशबोर्डला चकाकी नको, सावली हवी

बाबांकडून माझ्याकडे आलेली गाडी आता सव्वीस वर्षांची आहे. इंजिन अजून पहिल्या चावीत सुरू होतं, दरवाजे अजून त्याच भरीव आवाजात लागतात. पण दोन वर्षांपूर्वी डॅशबोर्डला चीर गेली.

समोरच्या काचेवर हवा सोडणारी जी लांबट जाळी असते ना, तिच्या उजव्या कोपऱ्यातून केसाएवढी रेघ निघालेली दिसली. मला आधी वाटलं, केसच पडलाय. झटकायला बोट फिरवलं तर नख अडकलं. आठ-दहा दिवसांत ती रेघ दोन बोटं लांब झाली, कडा वर उचलल्या गेल्या आणि आतला पिवळा फोम दिसायला लागला. बोट लावलं तर त्याचा भुगा बोटाला चिकटून आला. त्या दिवशी मी गाडी सुरूच केली नाही, नुसता आत बसून राहिलो. बाबांनी इतकी वर्षं जपलेली वस्तू माझ्याकडे आल्यावर फाटली, हे मनाला लागलं.

आणि मी दुर्लक्ष केलं होतं असंही नाही. दर पंधरा दिवसांनी स्प्रे मारून, कापडाने घासून डॅशबोर्ड लखलखीत ठेवत होतो. सीट आणि छताच्या कापडाचं काम करणारे एक अनुभवी काका आहेत, त्यांना चीर दाखवली. त्यांनी आधी डॅशबोर्डवरून तळवा फिरवला, मग बोटं एकमेकांवर चोळून पाहिली आणि म्हणाले, "अहो, हे सगळं वरच्या वर आहे. आत काहीच जात नाही. गाडी दिवसभर उभी कुठे असते, ते सांगा आधी."

उन्हात. गाडी रोज उन्हातच उभी असायची, आणि समोरच्या काचेला आडोसा म्हणून काहीही नसायचं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. जे कळलं ते इथे लिहितोय, कारण जुन्या गाड्या मनापासून सांभाळणारी कितीतरी माणसं आजही माझ्यासारखीच चकाकीच्या स्प्रेच्या बाटलीवर भरवसा ठेवून आहेत.

जुन्या गाड्यांचा मऊ डॅशबोर्ड म्हणजे खाली पत्र्याचा किंवा कडक प्लास्टिकचा सांगाडा, त्यावर फोम आणि सगळ्यात वर व्हिनाइलची कातडी. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसीच. पाण्याचा कडक पाइप ज्याचा असतो, तेच. मुळात ते कडकच असतं. त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळलं की ते मऊ होतं, वाकतं, दाबलं तर परत उठतं. १९२६ साली वाल्डो सेमन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला हे मऊ पीव्हीसी सापडलं, तेही रबर धातूला चिकटवण्यासाठी काहीतरी शोधत असताना. मऊ व्हिनाइलमध्ये हे द्रव्य थोडंथोडकं नसतं. वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपासही असू शकतं.

अडचण अशी की ते पीव्हीसीशी रासायनिक बंधाने बांधलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं. गरम झालं की हळूहळू बाहेर पडतं. समोरच्या काचेवर आतून जो चिकट, धुरकट थर साचतो, कितीही पुसला तरी महिन्याभरात परत येतो, त्यात बराचसा भाग याचाच असतो. आपला डॅशबोर्ड वाफ होऊन काचेवर जाऊन बसतोय आणि आपण तो कागदाने पुसून टाकतोय. हे कळल्यापासून तो थर पुसताना मला दर वेळी वाईट वाटतं.

द्रव्य गेलं की कातडी नुसती कडक होत नाही, आक्रसते. पण कडांना ती घट्ट बांधलेली, खाली फोमला चिकटलेली. मग ती ताणली जाते, वर्षानुवर्षं ताणलेलीच राहते. जिथे कोपरा आहे, भोक आहे, किंवा साच्यावर ओढताना कातडी पातळ झाली आहे, तिथे हा ताण एकवटतो. म्हणून चिरा जवळजवळ नेहमी जाळीच्या कोपऱ्यातून, स्पीकरच्या भोकातून, स्क्रूपासून सुरू होतात. चीर उघडी पडून कडा वर वळतात, त्याचं कारणही हा ताणच.

ऊन म्हटलं की आपल्याला अतिनील किरण आठवतात. त्यांचं नुकसान खरंच आहे. पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटत जातं, रंग पिवळट पडतो, कातडी ठिसूळ होते. पण समोरची काच दोन थरांची असते, मधे प्लास्टिकचा पापुद्रा असतो आणि तो बहुतेक अतिनील किरण अडवतो. बाजूच्या काचा साधारणपणे एकेरी असतात, त्यातून ते जास्त येतात. उष्णता मात्र समोरूनच येते, आणि डॅशबोर्ड तिच्या थेट तोंडाशी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या ॲरिझोनात उन्हाळ्याच्या दिवसांत गाड्या उभ्या करून मोजमापं घेतली होती. एका तासात उन्हातल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसला पोहोचले. सावलीतल्या गाड्यांचे ४८ अंशांच्या आसपास राहिले. वीस अंशांचा फरक, एका तासात, केवळ सावलीमुळे. हे आकडे वाचल्यावर मी बाटली शोधणं सोडून दिलं.

म्हणून माझं ठाम मत आहे की पहिला खर्च समोरच्या काचेला आतून लावायच्या सनशेडवर करावा. चंदेरी बाजू बाहेर, कोपऱ्यांपर्यंत नीट बसणारं, दहा मिनिटांसाठी गाडी लावली तरी उघडायचंच. मधे फट राहिली तर उन्हाचा पट्टा रोज एकाच जागी पडतो आणि तिथे कातडी आधी जाते. गाडी लावताना शक्य असेल तर तोंड उन्हाच्या उलट्या बाजूला ठेवावं. सुरक्षित जागा असेल तर काचा बोटभर खाली ठेवाव्यात. एवढं केलं तर निम्म्याहून जास्त काम झालं असं मी समजतो.

आता चकाकीबद्दल. डॅशबोर्ड वरून मॅट ठेवलेला असतो, कारण तो चमकला तर त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं. संध्याकाळी तिरप्या उन्हात गाडी चालवताना ते प्रतिबिंब डोळ्यांसमोर नाचतं आणि रस्ता पुसट होतो. म्हणजे आपण ज्याला निगा म्हणतो ते चालवणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन पाडणं असतं. चमक देणाऱ्या बहुतेक द्रव्यांत सिलिकॉन तेल असतं. ते व्हिनाइलमध्ये मुरत नाही, वर राहतं, धूळ धरतं. पुढे दुरुस्तीची वेळ आली की त्यावर रंग आणि भरण धड चिकटत नाही. काकांनी बोटं चोळून पाहिली ती यासाठीच. काही द्रव्यांत पेट्रोलियमवर आधारित सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारे पदार्थ असतात, ते तर मऊपणा टिकवणारं द्रव्यच खेचून बाहेर काढू शकतात.

थिनर, पेट्रोल, रॉकेल, नेलपॉलिश काढायचं द्रव्य, तीव्र अल्कोहोलचे वाइप्स यांपैकी काहीही डॅशबोर्डला लावू नका, एकदाही नाही. कातड्याचं क्रीमही नको, कारण व्हिनाइल हे कातडं नाही, ते क्रीम पीत नाही.

मी आता करतो ते फार साधं आहे. आधी मऊ ब्रशने जाळ्यांतली धूळ काढतो. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, मायक्रोफायबरचं कापड घट्ट पिळून पुसतो, मग नुसत्या ओल्या कापडाने, मग कोरड्या. डॅशबोर्ड थंड असताना, सावलीत. दोन-तीन महिन्यांनी अतिनील किरणांपासून रक्षण देणारं, पाण्यावर आधारित, चमक न देणारं द्रव्य कापडावर घेऊन पातळ लावतो आणि उरलेलं पुसून काढतो. स्टिअरिंगला आणि पेडलना अजिबात नाही, हात-पाय घसरतात. या द्रव्याकडून माझी अपेक्षा बेताचीच आहे. ते वरचा थर थोडा राखतं. गेलेला मऊपणा परत आणत नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

डॅशबोर्डवर मोबाइलचे चिकट पॅड, रबरी बाहुल्या, वर्षभर तिथेच पडून राहणारा चष्मा ठेवू नका. व्हिनाइलमधलं द्रव्य जवळच्या रबरात आणि प्लास्टिकमध्येही शिरतं. माझ्या डॅशबोर्डवर एका पॅडचा चौकोन आजही उमटलेला आहे, तो भाग हाताला चिकट लागतो.

थंडीतही जपावं लागतं. जुनं व्हिनाइल गारठलं की काचेसारखं होतं. अशा सकाळी त्यावर कोपर टेकवून काच पुसू नये, आणि हीटर एकदम पूर्ण सोडू नये. जाळीच्या कडेलाच गरम हवेचा झोत बसतो, आणि ताण तिथेच असतो.

चीर पडलीच असेल तर कडा ओढू नका, साधा गोंद भरू नका. गोंद कडक होतो आणि शेजारी नवी चीर जाते. नीट करायचं तर उचललेल्या कडा कापून, लवचिक भरण भरून, चांगल्या भागावरून घेतलेल्या साच्याने वरची नक्षी उठवून, मग व्हिनाइलचा रंग द्यावा लागतो. हात बसलेल्या माणसाचंच हे काम. वरून चिकटवायची प्लास्टिकची टोपी मला पटत नाही, कारण ती एकदा चिकटवली की खालचं मूळ काम कायमचं जातं. कापडी आच्छादन त्यापेक्षा बरं, निदान काढता येतं. पण डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असेल तर तिच्या झाकणावर टोपी, आच्छादन, काहीच येता कामा नये. यावर वाद नको.

माझी चीर मी अजून भरलेली नाही. सनशेड लावायला सुरुवात केली त्या दिवशी चिरीशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढला होता, अकरा सेंटिमीटर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तसाच फोटो काढतो. दोन उन्हाळे गेले. काल काढलेल्या फोटोतही पट्टीवर अकराच आहेत.