तुमचा गाव कोणता?

आज सकाळी एका परिचितांच्या मुलाने फेसबुकवर टाकलेले छायाचित्र पाहिले. मागे निळाशार समुद्र, हातात शहाळे आणि वर एक ओळ : 'मॉरिशस सहा तासांत उरकले, गोव्यापेक्षा वेगळे काही नाही.' मी एरवी दुसऱ्याच्या भिंतीवर जाऊन वाद घालत नाही, पण ती ओळ दुपारपर्यंत डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहीत आहे.

राग आला याचे कारण असे की ते सहा तास मीही काढलेले आहेत. जानेवारीत मुलाने आम्हा दोघांना क्रूझवर पाठवले, तेव्हा जहाज सकाळी पोर्ट लुईला लागले आणि आम्ही जहाजावरूनच आरक्षित केलेल्या उत्तर मॉरिशसच्या सहलीला निघालो. छातीवर क्रमांकाचे स्टिकर, पुढे छत्री उंच धरलेली मार्गदर्शक, मागे आम्ही चाळीस जण. बंदरातून बाहेर पडून बस हमरस्त्याला लागते न लागते तोच एका बाजूला काळ्या पाषाणाच्या जुन्या बैठ्या भिंती दिसल्या. 'ही आप्रवासी घाटाची इमारत, जागतिक वारसा स्थळ,' एवढे एक वाक्य ध्वनिक्षेपकावरून आले आणि ते संपेपर्यंत भिंती मागे पडल्याही होत्या.

१८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून करारावर आणलेले जवळजवळ ५ लाख मजूर या बेटावर उतरले ते याच धक्क्यावर. पायऱ्या चढून वर आले की प्रत्येकाला क्रमांक मिळायचा आणि मग उसाच्या मळ्यांवर वाटणी व्हायची. १९८७ पर्यंत या जागेला 'कुली घाट' म्हणत. त्यातला बराचसा भाग हमरस्ता बांधताना नाहीसा झाला, उरलेल्याला २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यासाठी पाच मिनिटेही नव्हती. लाकडी जहाजांच्या प्रतिकृती आणि हिरे विकणाऱ्या दुकानांसाठी मात्र पन्नास मिनिटे राखून ठेवली होती. ती का राखून ठेवतात, हे तुम्हाला सांगायला नको.

पांपलमूसच्या बागेत काठ वर वळलेली, परातीहून मोठी कमळाची पाने पाहिली, आणि ती खरोखरच सुंदर आहेत. त्याच बागेत या देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचे स्मारक आहे. त्यांचे वडील बिहारमधून असेच करारावर आलेले मजूर होते. त्या स्मारकापाशी आम्ही थांबलो नाही, कारण पुढच्या दुकानाची वेळ ठरलेली होती.

त्या दुकानात मी गेले नाही. बसच्या सावलीत उभी राहून यांच्याशी काहीतरी बोलत होते, तेवढ्यात बसचे चालक, पन्नाशीचे गृहस्थ, जवळ आले आणि अतिशय जपून, एकेक शब्द ठेवत म्हणाले, 'मादाम, तुमचा गाव कोणता?'

'तुमचे गाव' नव्हे, 'तुमचा गाव'. आमच्या संगमेश्वराकडे गाव पुल्लिंगीच आहे. माझी आजी असेच म्हणायची. पुण्यात आल्यावर शाळेत मला हसले, तेव्हा मी ते सोडले, आणि या माणसाच्या घरात मात्र ते चार-पाच पिढ्या टिकून राहिले. त्यांना मराठीतली मोजकीच वाक्ये येत होती. घरात क्रेओल बोलतात, बाकीचे सगळे ते आमच्याशी इंग्रजीत बोलले. तिथे शाळांतून मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. मग मोबाईल काढून एका कागदाचे छायाचित्र दाखवले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरखान्यातून मिळवलेली ती त्यांच्या पणजोबांच्या वडिलांची नोंद होती. जिल्हा रत्नागिरी, हे स्वच्छ वाचता येत होते. गावाचे नाव इंग्रज कारकुनाने कानाला आले तसे उतरवलेले. 'हा गाव कुठे आहे?' त्यांनी विचारले. प्रत्येक मराठी प्रवाशाला ते हेच विचारतात, असे नंतर म्हणाले.

मी चष्मा कपाळावर सारून तो मोबाईल डोळ्यांजवळ धरला, आणि तेवढ्यात छत्री वर झाली. चला, बसमध्ये बसा.

परतीच्या वाटेवर पुन्हा त्या भिंती आल्या. जहाज सुटायला दोन तास होते. 'पंधरा मिनिटे थांबू या,' असे मी मार्गदर्शक बाईंना अगदी हात जोडून म्हटले. चालकांनी तर वेग कमी केलाही होता. बाईंनी मान हलवली. ठरलेल्या थांब्यांखेरीज बस उभी करता येत नाही, म्हणाल्या. मागून आपल्याच एका मराठी गृहस्थांचा आवाज आला, 'अहो, पडक्या भिंती काय बघायच्या?' त्या आवाजाचा मला आजही संताप येतो. कोकणात घरटी एक माणूस मुंबईला, बोटीवर, गिरणीत गेलेला. मनीऑर्डरीची वाट पाहत दिवस काढणे म्हणजे काय हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांना या भिंती पडक्या दिसाव्यात? आणि ज्यांची मनीऑर्डर कधी आलीच नाही, ज्यांचे पुढे काय झाले हे मागच्यांना कधी कळलेच नाही, ते इथल्या पायऱ्या चढून वर गेले होते.

मान्य करते, जहाज कोणासाठी थांबत नाही, आणि मार्गदर्शक बाईंनाही त्यांची नोकरी आहे. एका दिवसात सगळे पाहता येत नाही, हेही खरे. पण मग जे पाहिले नाही ते नव्हतेच, असे कसे म्हणता?

बंदरावर उतरताना चालकांनी थांबवून माझ्या हातात कागदात गुंडाळलेली धोल पुऱ्यांची जोडी ठेवली. दुकानाच्या थांब्यावरच गाडीवरून घेऊन ठेवली होती. डाळीचे पुरण भरलेली, गूळ नसलेली पातळ पोळी, आत घेवड्याची भाजी आणि लोणचे. जहाजावर जेवण तयार असते म्हणून आम्ही चाळीस जणांनी त्या बेटावर दिवसभरात एक घास विकत घेतला नव्हता, आणि ज्याच्याकडे आम्ही पाहुणे म्हणून गेलो तोच आम्हाला खाऊ घालत होता. मी त्यांना माझा क्रमांक दिला. निरोप घेताना ते मराठीत काही म्हणाले नाहीत, त्यांची वाक्ये संपली होती. त्यांनी दोन्ही हात जोडले.

काल त्यांच्याकडून तो कागद आला आहे. रात्री मोठा करून पाहत बसले होते. पहिले इंग्रजी अक्षर 'ए' नक्की आहे, शेवट 'वली' असा वाटतो. दुसरे अक्षर 'आर' असेल तर आरवली, 'एन' असेल तर आंगवली. मधल्या जागेत शाई पसरली आहे. शिवाय तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही होता, त्यामुळे आणखी कुठले गाव असू शकेल हेही पाहायला हवे. जुनी इंग्रजी दप्तरे वाचण्याची सवय असलेले कोणी माझ्या मित्रयादीत असतील तर मला कळवा, चालकांच्या परवानगीने कागद पाठवते. मे महिन्यात मी संगमेश्वराकडे घरी जाणार आहे. आमच्या घरापासून आरवली लांब नाही, आणि आंगवलीत माझी मावसबहीण दिली आहे.